मुरगळलेला घोटा आणि सुगंधी तेले

भाताची झोडणी उरकून पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की शहापूर व मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांत रिकाम्या खाचरांतून कबड्डीचे डाव रंगू लागतात. ढेकळे चेचून, वर पाणी शिंपून जमीन धोपटली की क्रीडांगण सिद्ध होते. पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे मोठी यात्रा व बैलांचा बाजार भरतो, आणि तेथून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा व कुस्त्यांचे फड चालू राहतात. हा कबड्डीचा खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने परदेशस्थांस करून दाखविला, व १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास पदकाचे स्थान मिळाले. परंतु ज्या मातीत तो वाढला, तेथील गडी अद्याप पुष्कळदा अनवाणीच उतरतो, आणि पकडीतून पाय सोडविताना त्याचा घोटा वळतो.

शेतकऱ्याच्या घरी ही गोष्ट केवळ खेळापुरती राहत नाही. माघात दुखावलेला घोटा नीट बरा झाला नाही, तर तोच तरुण मृगानंतर चिखलणीस उभा राहतो आणि गुडघाभर चिखलात त्याचा कच्चा पाय पुन्हा दगा देतो. लावणीच्या आठ-दहा दिवसांत घरातील एक माणूस कमी पडला म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच बाजारातून येणाऱ्या व घरी काढल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांचा अशा दुखापतीस कितपत उपयोग होतो, ह्याचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तेल आणि तेल ह्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. तीळ, खोबरे, करंज, मोहटी ह्यांपासून घाण्यावर निघते ते स्थिर तेल होय. त्याचा कागदावर पडलेला डाग जात नाही. निलगिरी, गवती चहा, पुदिना, रोशा गवत ह्यांच्या पानांतून वाफेने निघते ते उडून जाणारे तेल. त्याचा डाग काही वेळाने नाहीसा होतो व वास मात्र घरभर पसरतो. ह्या दुसऱ्या वर्गास सुगंधी तेले म्हणतात. त्यांच्या साह्याने उपचार करण्याच्या पद्धतीस फ्रान्सातील रसायनज्ञ गातेफॉसे याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘आरोमातेरापी’ असे नाव दिले. नाव नवे, वस्तू जुनीच.

आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारी निर्गुडी हेच उदाहरण घ्या. तिच्या पानांचा रस तिळाच्या तेलात आटवून जे ‘निर्गुडीचे तेल’ घरी करतात, ते वास्तविक तिळाचे तेलच असते. निर्गुडीचे उडून जाणारे द्रव्य पानात मुळातच अत्यल्प, आणि कढईत तासभर उकळताना त्यातील बराच भाग वाफेबरोबर निघून जातो. म्हणून ते तेल वाईट ठरत नाही. पण त्याचा बराचसा गुण चोळणाऱ्या हाताचा असतो, असे आमचे मत आहे. तशीच गोष्ट निलगिरीची. बांधावर लावलेली झाडे बहुधा संकरित जातीची असतात. औषधी तेल ज्या जातीपासून काढतात ती नीलगिरी पर्वतावरील थंड हवेत वाढणारी आहे. वास सारखा आला म्हणून गुण सारखाच असेल असे नाही.

आता ही तेले करतात तरी काय? पुदिन्याच्या फुलाने, म्हणजे मेंथॉलने, कातडी गार लागते. परंतु कातडी खरोखर थंड झालेली नसते. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर जे ग्राहक असतात, त्यांस मेंथॉल चेतविते व मेंदूस थंडीची खोटी वर्दी पोचते. हा ग्राहक २००२ साली ओळखला गेला, आणि उष्णता व स्पर्श ह्यांच्या ग्राहकांविषयीच्या संशोधनाबद्दल डेव्हिड ज्यूलियस व आर्डेम पाटापूटियन ह्यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गारव्याच्या वर्दीपुढे वेदनेची वर्दी काही काळ मागे पडते, इतकाच ह्याचा अर्थ. फाटलेला अस्थिबंध त्यामुळे सांधत नाही. गंधपुऱ्याच्या तेलासारखी उष्णता भासविणारी सॅलिसिलेटयुक्त औषधे किती उपयोगी पडतात, ह्याविषयीच्या प्रयोगांची एकत्र छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला नाही. ह्याच्या उलट, डायक्लोफेनॅकचा लेप ताज्या मुरगळीत वेदना कमी करतो असे २०१५ सालच्या तशाच छाननीत दिसून आले. सुगंधाचा अभिमान बाळगणाऱ्यांस हे रुचणार नाही, पण जे आहे ते सांगितले पाहिजे.

खरा धोका निराळाच आहे. मध्यंतरात घोट्यास झोंबणारे तेल चोळून गडी पुन्हा मैदानात उतरतो. वेदना ही घरची राखण आहे. तिचे तोंड बांधून चोरास वाट मोकळी करून देण्यासारखे हे होय. ज्या संघांचे पुढारी असे करण्यास उत्तेजन देतात, त्यांनी त्या मुलाच्या घरचे खाचर कोण लावणार ह्याचा एकदा विचार करावा.

दुखापत ताजी असताना, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस, कोणतेही तेल चोळू नये, मालीश करू नये व शेकूही नये. आत फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असते. चोळण्याने व उष्णतेने ते वाढते व सूज चढते. पाय उशीवर उंच ठेवावा, बोटांपासून वर पट्टी गुंडाळावी (बोटे निळी वा बधिर होऊ लागल्यास ती सैल करावी), आणि फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा. बर्फ न मिळाल्यास माठातील पाण्याच्या घड्या बदलीत राहाव्या. काही ठिकाणी मुरगळीवर बिब्बा घालण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी हे बरे. बिब्बा उतला म्हणजे मूळ दुखापत राहते बाजूला आणि फोडांचीच शुश्रूषा करीत बसावे लागते.

हाड मोडले की काय, हे ओळखण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील वैद्यांनी १९९२ साली काही सोपे नियम प्रसिद्ध केले. ते घरीही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. दुखापत होताच व नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील. किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याच्या मागील कडेस अथवा टोकास बोटाने दाबल्यावर हाडावरच कळ येत असेल. अथवा पावलाच्या बाहेरील कडेस मध्यावर किंवा आतील बाजूस कमानीच्या वरच्या हाडावर तशीच कळ असेल, तर तेलाची बाटली ठेवून द्यावी व क्ष-किरण चित्र काढून घेण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जावे. आधी हाडवैद्याने ओढून पाहावे आणि मग रुग्णालय गाठावे, हा क्रम उलटा आहे.

सूज उतरू लागली व पाय टेकता येऊ लागला, म्हणजे तेलाची वेळ आली. सुगंधी तेल कधीही निर्भेळ लावू नये. शंभर मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात निलगिरीचे तेल दोन ते तीन मिलिलिटर, म्हणजे चाळीस ते साठ थेंब, पुरे होते. गवती चहाचे तेल कातडीस अधिक लागते. त्याचे बारा-पंधरा थेंबच घालावे. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. लाली वा खाज न आल्यास पुढे वापरावे. बोटांकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळावे. जखमेवर, खरचटलेल्या जागी, डोळ्यांजवळ ते लागू देऊ नये. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नये किंवा घट्ट पट्टी बांधू नये. त्याने तेल अधिक शोषले जाते व कातडी भाजते.

गंधपुऱ्याच्या तेलाविषयी विशेष सावध केले पाहिजे. त्याच्या एका लहान चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरांत, सुमारे सात ग्रॅम सॅलिसिलेट असते. म्हणजे नेहमीच्या ३२५ मिलिग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीसांहून अधिक गोळ्या झाल्या. लहान मुलाने ते गोड वासाचे म्हणून तोंडास लावले तर जीवावर बेतते. कापूर पोटात गेल्यासही मुलास थोड्या वेळातच आकडी येऊ शकते. कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल एकत्र केली की आपोआप पाणी होते. ते अमृतधारा म्हणून पुष्कळ घरांत असते. ह्या बाटल्या फळीवर उंच ठेवाव्या आणि असा प्रसंग आल्यास वांती न करविता तत्काळ रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी गंधपुरा लावूच नये.

तेलापेक्षा अधिक काम व्यायाम करतो. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळून उभे राहणे, जमले की डोळे मिटून तेच करणे, पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली करणे, हे रोज काही आठवडे केल्याने घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव घटतो. ह्यास खर्च नाही, म्हणूनच की काय, कोणी ते करीत नाही.

आता शेतीच्या अंगाने थोडेसे. रोशा गवताचे तेल खानदेशात पिंपळनेर-नंदुरबारकडे पूर्वी मोठ्या प्रमाणावर निघत असे. गवताने भरलेली कढई चुलीवर आणि तिच्यातून निघालेली बांबूची नळी वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, अशी ती भट्टी असे. मुंबईहून ते तेल पश्चिमेकडे जाऊन तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. आपल्या वरकस जमिनीत नागली-वरी परवडत नाही असे म्हणणाऱ्यांच्या मनात अशा गवतांचा विचार येणे साहजिक आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ पासून सुगंधी पिकांची मोहीम चालविली आहे, व लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने गवती चहाच्या ‘कृष्णा’, ‘प्रगती’ अशा जाती दिल्या आहेत. परंतु शंभर किलो ओल्या पातीतून तेल निघते ते पाव ते अर्धा किलो. भट्टी जवळ नसेल तर पात वाहून नेण्यातच नफा संपतो. एकट्याने भट्टी घालू नये. दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून आणि घेणारा आधी ठरवून मगच हात घालावा. भाताचे खाचर तर ह्यासाठी मुळीच मोडू नये.

परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचे चार ठोंब मात्र कोणासही लावता येतील. पावसाच्या आरंभी मुळासह फुटवे वेगळे करून दोन-दोन फुटांवर लावावे. तीन-चार महिन्यांनी पहिली कापणी मिळते व चार-पाच वर्षे ठोंब टिकतो. त्याची मूठभर पात घंगाळातील कढत पाण्यात टाकून ते पाणी कोमट झाल्यावर, सूज ओसरलेला पाय त्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा व पाण्यातच घोटा हळूहळू चोहोबाजूंस फिरवावा.