ठोकलेली गाडी

२००८ च्या दसऱ्याला माझ्या मेहुण्यांनी मोटारसायकल घेतली. काळी हिरो होंडा स्प्लेंडर. धरणगावच्या शाळेत ते शिक्षक होते. घरात आलेली ती पहिली गाडी. झेंडूची माळ, हँडलला नारळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, असा सगळा थाट झाला होता. २०१९ मध्ये मेहुणे अचानक गेले. गाडी भाच्याकडे आली, तिचे कागद मात्र कपाटात होते तसेच राहिले.

भाचा जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. रोज धरणगाव-पाळधी-बांभोरी असा येऊन-जाऊन प्रवास. २०२३ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी घरी परतताना गिरणेचा पूल ओलांडला, आणि पुढे पावसात दिवा नसलेली ट्रॉली त्याला दिसलीच नाही. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून निभावलं. उजवा गुडघा आणि गळपट्टीचं हाड यांवर आलं. गाडी छोट्या टेम्पोत घालून घरी आणली आणि अंगणात लिंबाखाली उभी केली.

महिनाभराने भाचा काठी टेकत चालू लागला, तेव्हा घरात प्रश्न निघाला. गाडीचं काय करायचं? बहीण म्हणायची, "माझ्या डोळ्यांसमोरून न्या ती." भाचा म्हणायचा, "पप्पांची गाडी आहे, दुरुस्त करू." शेवटी दोघांनी मला बोलावलं. "मामा, तुम्ही बँकेत होते. तुम्हीच हिशेब करा."

हिशेब करायला मी बसलो खरा, पण पहिल्याच पायरीला ठेच लागली. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टीचा. म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. आपल्या गाडीच्या दुरुस्तीला एक पैसा नाही. जुन्या दुचाकीचा असाच विमा बहुतेक घरांत असतो आणि ते कळतं अपघातानंतर. पूर्ण विमा असेल तर गणित वेगळं. मग मिस्तरीला हात लावू देण्याआधी विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. त्याहून कमी असला तरी प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत साधारणपणे आपल्याच खिशातून जाते.

दुसरी ठेच कागदांची. आरसी बुकावर अजून मेहुण्यांचंच नाव. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करायची, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचतं? पण नाव बदललं नाही तर विक्रीच्या नमुना २९ आणि ३० वर सही करणार कोण? गाडीवर कर्ज असेल तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ आणल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि गाडी मोडली म्हणून हप्ता थांबत नाही. नोकरीत असताना कित्येक घरांना हे समजावताना माझाच घसा कोरडा पडायचा.

मग आकडे मांडले. नीट चालणारी त्याच वयाची गाडी बाजारात पंचवीस हजारांना मिळत होती. मिस्तरीने दुरुस्तीचे चौदा हजार सांगितले. दुरुस्त केली तरी 'ठोकलेली' हा शिक्का राहणारच, म्हणजे विकताना वीसच्या वर कोणी देणार नाही. विसातून चौदा गेले, उरले सहा. आणि जुन्या गाड्यांचा एक दलाल आहे त्या स्थितीत रोख नऊ हजार द्यायला तयार. शिवाय पंधरा वर्षांची नोंदणी दसऱ्याच्या सुमाराला संपणार, म्हणजे फेरतपासणी आणि पर्यावरण कर वेगळाच. कागद सरळ सांगत होता, नऊ हजार घ्या आणि मोकळे व्हा.

मीही तसंच सांगणार होतो. पण म्हातारा मिस्तरी म्हणाला, "साहेब, आधी चासी पाहू द्या."

त्याने सुतळी मागितली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणून धरली. हँडल सरळ ठेवूनही एका बाजूला सुतळी टायरला टेकत होती, दुसऱ्या बाजूला बोटभर फट. मग त्याने हँडलखाली, जिथे पुढचा सांगाडा चासीत बसतो तिथे, बॅटरीचा झोत टाकला. रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. "इथं लोखंड मुडपलंय. शॉकपचे पाईप वाकले तर बदलता येतात, रिंग बदलता येते. चासी वाकली की गॅसवर लाल करून सरळ करतात, वर रंग मारतात. दिसते नवी. पण तापवलेल्या लोखंडाचा भरवसा मी देणार नाही."

मला माझी राजदूत आठवली. १९८६ मध्ये पारोळ्याच्या रस्त्यावर खडीत घसरून पडलो होतो. पुढचं चाक अंडाकृती झालं, फोर्क वाकला. सगळ्यांनी गाडी विकायचा सल्ला दिला. मी फोर्कचे पाईप बदलले, आणि पुढची बारा वर्षं तीच राजदूत मला वसुलीला गावोगाव नेत राहिली. तिची चासी सरळ होती. तेव्हा दुरुस्त करायची की विकायची, हा प्रश्न मुळात दुसरा. पहिला प्रश्न, चासी सरळ आहे का?

नव्या चासीला आरटीओची परवानगी लागते, कारण गाडीची ओळख असलेला क्रमांक चासीवरच ठोकलेला असतो. पंधरा वर्षांच्या गाडीसाठी तो खटाटोप परवडणारा नव्हता. म्हणजे विकणंच आलं. मी बहिणीला नऊ हजारांचं सांगितलं. ती म्हणाली, "तो दलाल काय करीन तिचं?"

"गॅसवर सरळ करेल, रंग मारेल, विकेल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग आपल्या बोलीत म्हणाली, "घेनारा बी एखादी मायना पोऱ्याच ना?"

या रकमेसाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता.

कायद्याच्या बाजूनेही ती चुकत नव्हती. २००९ मधल्या एका अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला. मोटार अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्या मालकाच्या नावावरच होती. न्यायालयाने नोंदणीतल्या मालकालाच जबाबदार धरलं. नुसत्या कोऱ्या कागदांवर सह्या करून गाडी सोडणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. पण बहिणीला त्याची गरज नव्हती. जी गाडी आपल्या मुलाला द्यायची नाही, ती दुसऱ्याच्या मुलाला कशी द्यायची, एवढंच तिने पाहिलं.

आम्ही गाडी मोडीत काढली. गाडी चालवण्याजोगी उरली नसेल तर चौदा दिवसांत, नाहीतर शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. आम्हाला उशीर झालाच होता. वारसाचे कागद जोडले, आरसी दिली, क्रमांकाचा चासीचा तुकडा कापून जमा केला. २०२१ च्या नियमांनुसार आता अधिकृत भंगार केंद्रंही निघाली आहेत, तिथे गाडी दिली की तसं प्रमाणपत्र मिळतं. चाकं, सीट, दिवे आणि भंगार मिळून आमच्या हाती चार हजार आठशे आले. दलालापेक्षा चार हजार दोनशे कमी. बहिणीच्या कुटुंबनिवृत्तीवेतनात ही रक्कम लहान नाही.

टाकी मात्र भाच्याने विकू दिली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याने एक जुनी गाडी घेतली. आधी सुतळी लावून पाहिली, मग कागद स्वतःच्या नावावर केले, आणि पूर्ण विमा उतरवला. पहिल्या दिवशी कामावर निघाला तेव्हा बहीण दारात उभी होती. काही बोलली नाही. तो पाळधीला पोहोचल्याचा फोन आला, तेव्हा ती चहा ठेवायला आत गेली.