पोटापाण्यापलीकडची भाषा

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतली तेव्हा त्यांचे तरुणपण मागे पडले होते. संस्कृत लहानपणी आईकडून शिकलेली, बंगालीशी भारतभ्रमणात ओळख झालेली, इंग्रजी इंग्लंड-अमेरिकेच्या मुक्कामात पक्की झालेली. एवढे भांडवल असताना आणखी दोन प्राचीन भाषांच्या मागे लागण्याचे कारण एकच होते. त्यांना बायबल साध्या मराठीत आणायचे होते, जेमतेम अक्षरओळख झालेल्या खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे होते, तरी त्यांनी मूळ भाषांची वाट धरली. केडगावच्या मुक्ती मिशनचा प्रचंड संसार सांभाळत हे काम वर्षानुवर्षे चालले आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडेच आधी पुरे झाले.

महाराष्ट्रात परकी भाषा हौसेने शिकणाऱ्यांचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात रमाबाईंपासून करावी असे मला वाटते. त्यांचे उद्दिष्ट धार्मिक होते, आणि आज संध्याकाळच्या क्लासला येणाऱ्याचे ते नसेल. पण ज्याला भाषा खरोखर येते आणि जो दुसऱ्या पुस्तकापाशी थांबतो, या दोघांत बुद्धीचा फरक क्वचित असतो. पहिल्याला त्या भाषेतले काहीतरी नेमके हवे असते. ‘एखादी परकी भाषा यायला हवी’ एवढ्या इच्छेवर पहिली परीक्षा पार पडते, त्यापुढचा रस्ता तिच्या बळावर सरत नाही.

धर्मानंद कोसंबींची गोष्ट याहून विलक्षण आहे. गोव्यातल्या साखवाळसारख्या गावी वाढलेला, शालेय शिक्षण फारसे न झालेला हा तरुण मराठी वाचनातून बुद्धाकडे ओढला गेला आणि १८९९च्या अखेरीस घर सोडून निघाला. आधी पुणे, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास, पुढे नेपाळ, आणि शेवटी सिलोन. तिथल्या विद्योदय परिवेणात त्यांना पाली मिळाली. पालीची स्वतःची लिपी नाही. ती सिलोनात सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, आणि युरोपीय विद्वान रोमनमध्ये छापतात. म्हणजे एका भाषेसाठी लिप्याही अनेक आत्मसात करायच्या. पुढे याच माणसाला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला बोलावले गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि लेनिनग्राडलाही अध्यापन केले. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. भूक, आजारपण, एकटेपण या सगळ्यांतून वाट काढणारी ज्ञानाची तहान त्यात इतक्या साधेपणाने आली आहे की आपल्या सबबी आपल्यालाच लहान वाटू लागतात.

या परंपरेत आणखीही नावे आहेत. विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबीचा अभ्यास केला. पोर्तुगीज दफ्तरे उलगडणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांमुळे मराठ्यांच्या इतिहासाचे एक अख्खे दालन उघडले. बंगाली परदेशी नव्हे, पण पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन ती भाषा शिकले आणि त्या मुक्कामातून ‘वंगचित्रे’ आले, हे इथे सांगायलाच हवे. वय उलटल्यावर भाषा येत नाही असे म्हणणाऱ्याला मी नेहमी हे उदाहरण देते.

आजचे चित्र अर्थातच वेगळे आहे. परकी भाषा आता आधी नोकरीच्या संदर्भात आठवते. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मन भाषेची चर्चा जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. ते चांगलेच झाले. पण पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्राँसेझ इथल्या वर्गांत नोकरीशी काही संबंध नसलेली माणसे पूर्वीपासून बसत आली आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, मुले मोठी झाल्यावर स्वतःसाठी दोन तास काढणारी गृहिणी, जपानी ॲनिमे बघून वेडावलेला अकरावीचा मुलगा, शूबर्टची गाणी शब्दांसकट कळावीत म्हणून जर्मन घेतलेली डॉक्टर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रशियन शिकता येते आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीज. पणजीत फुंदासांव ओरिएंतमुळे पोर्तुगीजचे वर्ग चालतात आणि त्यांत आजी-आजोबांची पत्रे वाचायची असलेली तरुण मुले भेटतात.

किती वेळ लागतो, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या अनुभवाप्रमाणे कामापुरते प्रभुत्व येण्यासाठी फ्रेंच-स्पॅनिशला वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास लागतात आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२०० तास. आठवड्याला चार तास देणाऱ्या हौशी माणसासाठी हिशोब केला, तर फ्रेंचला तीन-साडेतीन वर्षे आणि जपानीला दहाच्या वर होतात. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. ‘तीस दिवसांत अमुक भाषा’ अशा जाहिराती बघून आलेला माणूस तिसऱ्या महिन्यात स्वतःला मंद समजू लागतो, आणि ते फार वाईट आहे. गाणे शिकायला बसणाऱ्याला पहिल्या वर्षी मैफिलीची अपेक्षा कोणी ठेवत नाही. भाषेलाही तेवढी सवलत द्यावी.

शिवाय हे आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत. मराठी माणसाचे गणित निराळे आहे आणि त्याचा पुरेसा विचार आपल्याकडे होत नाही. जपानीचेच घ्या. इंग्रज विद्यार्थ्याला जड जातो तो वाक्याचा क्रम, क्रियापद शेवटी आणि संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागे. आपल्याला त्यात नवे काही नाही. ‘पुणे कारा मुंबई मादे’ म्हणजे पुण्याहून मुंबईपर्यंत, प्रत्यय जिथल्या तिथे. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमास’ हे ‘मी शाळेला जाते’च्या क्रमानेच उलगडते. त्याहून आनंदाची गोष्ट वर्णमालेची. जपानी अक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी येतात. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृत ध्वनिशास्त्र तिकडे गेले, त्याची ही खूण आहे. ‘सा’ची ओळ आपल्या चवर्गाच्या जागी आहे आणि ‘हा’ची पवर्गाच्या, कारण जुन्या जपानीत त्या हकाराचा उच्चार पकारासारखा होता. हे कळल्यावर ती ओळ पाठ करावी लागत नाही. इसवी सन ७५२ मध्ये नाराच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन करण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. त्या दोन देशांतला हा जुना धागा पहिल्याच आठवड्यात अक्षरे गिरवताना हाताला लागतो.

अडचण पुढे आहे, कांजींची, म्हणजे चिनी अक्षरांची. नित्य वापराच्या अधिकृत यादीत त्यांची संख्या २१३६ आहे आणि तिथे मराठीचा काही उपयोग नाही. ऱ्हस्व-दीर्घाचीही सवय लावावी लागते, कारण बोलताना आपण इकार-उकारांच्या लांबीकडे लक्ष देत नाही. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी.

जर्मनमध्ये इंग्रजी माध्यमातून आलेली मुले तीन लिंगांवर रडतात. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, हे कशावरून? कशावरूनही नाही. पण ज्या घरात तो चमचा, ती वाटी, ते ताट एकाच टेबलावर असतात तिथे हा धक्का बसायचे कारण नाही. लिंगे पाठ करावी लागतातच, ती वेगळी वाटत नाहीत एवढेच. उच्चारांचेही तसेच. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च आपण न शिकता वेगळे उच्चारतो. त्यातला पहिला च जर्मन, जपानी आणि रशियन तिन्ही भाषांना लागतो, आणि उत्तरेकडच्या विद्यार्थ्याला तो मुद्दाम घोटावा लागतो. माझी तक्रार अशी, की पाठ्यपुस्तके इंग्रजी माणूस समोर धरून लिहिलेली असतात आणि वर्गातले स्पष्टीकरणही इंग्रजीतून होते. मराठीतून विचार करणाऱ्याला दोनदा भाषांतर करायला लावले जाते. मराठीतून लिहिलेली चांगली जर्मन किंवा जपानी व्याकरणे हवी आहेत.

शब्द लक्षात राहण्याचे शास्त्र जुने आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली, स्वतःवरच प्रयोग करून, विस्मरणाचा वेग मांडला. विसरायच्या बेताला आलेला शब्द पुन्हा समोर आला की तो जास्त टिकतो. या तत्त्वावर झेबास्टियान लाइटनरने १९७२ साली शब्द लिहिलेल्या कार्डांची पेटी सुचवली आणि आजचे ‘अंकी’सारखे ॲप तेच काम संगणकावर करते. रोज वीस मिनिटे पुरतात. ॲपविषयी याहून जास्त सांगण्यासारखे नाही. ते शब्द देते, पण बोलणाऱ्या माणसाची जागा घेत नाही.

खरा प्रश्न मधल्या टप्प्याचा आहे. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली ठरवलेल्या सहा पायऱ्या, ए१ ते सी२, आता सर्वत्र चालतात. जपानीत एन५ ते एन१ असा क्रम आहे. पहिल्या दोन पायऱ्या उत्साहात जातात. बी१ नंतर मात्र पुस्तकातली गोष्ट पोरकट वाटते आणि वर्तमानपत्र झेपत नाही. बॅचमधली निम्मी माणसे इथे दिसेनाशी होतात. परीक्षा या ठिकाणी फार आधार देत नाही. जपानीची जेएलपीटी तर बोलणे आणि लिहिणे तपासतच नाही, त्यामुळे वरची पायरी गाठूनही दुकानात तोंड न उघडणारे लोक असतात.

या टप्प्यावर मला काटो लोंब या हंगेरियन दुभाषीचा मार्ग सगळ्यात पटतो. शिक्षण रसायनशास्त्राचे, आणि भाषा बहुतेक तरुणपण सरताना स्वतःच शिकलेल्या, त्याही डझनाहून जास्त. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या रशियन शिकल्या, तेही गोगोलची कादंबरी लपवून वाचत. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका, महत्त्वाचा शब्द पुन्हा भेटतोच, असे त्या सांगत. आपल्या आवडीचे पुस्तक घ्यावे आणि न कळणारे सोडून पुढे जावे. आज तर मदतीला बरेच काही फुकट आहे. जर्मनीची डॉइच वेले रोजच्या बातम्या सावकाश वाचून ऐकवते, जपानचे एनएचके सोप्या भाषेत कांजींवर उच्चार देऊन बातम्या छापते, आणि फ्रेंचमध्ये आरएफआयचे सोपे बातमीपत्र आहे. रोज एक बातमी, सहा महिने, एवढे करणारा त्या टप्प्यावर अडकलेला मी पाहिला नाही.

वयाबद्दल मनात भीती ठेवू नये. मुले उच्चार हुबेहूब उचलतात हे खरे, पण सुरुवातीच्या काळात प्रौढ माणूस मुलापेक्षा वेगाने शिकतो, असे नेदरलंड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. व्याकरणाचा नियम ऐकून तो लगेच लावता येणे ही मोठ्या माणसाची शक्ती आहे. भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश लांबतो, असे हल्ली वारंवार सांगितले जाते. त्यावर संशोधकांत एकमत नाही, आणि भाषा औषध म्हणून घेण्याची गोष्टही नव्हे.

बी२ पर्यंत पोचलेल्या हौशी माणसाकडून मात्र माझी एक मागणी आहे. परदेशी साहित्य आपल्याकडे अजूनही बरेचसे इंग्रजीच्या वाटेने येते. पुण्यातून निघणारे ‘केल्याने भाषांतर’ हे नियतकालिक मूळ भाषेतून थेट मराठीत आणलेले साहित्य छापत आले आहे, पण अशी जागा भरायला माणसे कमी पडतात. आवडलेल्या लेखकाची एक छोटी कथा निवडा. प्रत्येक वाक्य मूळ भाषेत मोठ्याने वाचा, मग मराठीत लिहा, आणि त्या भाषेच्या शिक्षकाकडून मुळाशी ताडून घ्या. वर्षभरात तीन-चार पाने झाली तरी चालतील.