बळकावलेला ब्राउझर आणि त्याची सोडवणूक

ब्राउझर हायजॅकर हा ब्राउझरचे होमपेज, सर्च इंजिन आणि नव्या टॅबचे पान बदलून टाकणारा प्रोग्राम असतो. त्यासाठी तो वापरणाऱ्याला विचारत नाही, किंवा नुसते विचारल्यासारखे करतो. फाइली नष्ट करणे किंवा खंडणी मागणे हे त्याचे काम नव्हे. त्याची कमाई शोधावर चालते. घरातल्या कोणी रेल्वेचे वेळापत्रक किंवा दहावीचा निकाल शोधला, की तो शोध आधी हायजॅकरच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याची नोंद होते आणि मग जाहिराती मिसळलेले निकाल समोर येतात. पुष्कळदा शेवटी उघडणारे पान एखाद्या नामांकित सर्च इंजिनचेच असते, त्यामुळे मधला थांबा महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते इतकेच, की कॉम्प्युटर मंद झाला आहे, नको त्या खिडक्या उघडतात आणि होमपेज कितीही वेळा बदलले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दिसते.

या प्रोग्रामांना व्हायरस म्हणण्याऐवजी अँटिव्हायरस कंपन्या ‘संभाव्य नको असलेले प्रोग्राम’ असे सावध नाव वापरतात. ते बसवताना वापरणाऱ्याने कुठेतरी ‘आय अ‍ॅग्री’ दाबलेले असते आणि त्या एका क्लिकच्या बळावर हे प्रोग्राम बनवणारे कोर्टात जाऊ शकतात. तसे ते गेलेही. झँगो या अमेरिकी अ‍ॅडवेअर कंपनीने आपला प्रोग्राम अडवल्याबद्दल कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर दावा लावला होता. 2009 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल कॅस्परस्कीच्या बाजूने दिला. याच झँगोने त्याआधी 2006 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून 30 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले होते, कारण लोकांच्या खऱ्या संमतीशिवाय प्रोग्राम बसवल्याचा आरोप तिच्यावर होता. नको असलेल्या सॉफ्टवेअरचा सगळा प्रश्न या संमतीपाशीच येऊन थांबतो.

हा उपद्रव जुना आहे. 2003 च्या सुमारास ‘कूलवेबसर्च’ नावाच्या हायजॅकरने इंटरनेट एक्स्प्लोरर वापरणाऱ्यांना बेजार केले. त्याच्या नवनव्या आवृत्त्या इतक्या झपाट्याने येत, की मेरिन बेलेकोम या डच विद्यार्थ्याने केवळ त्याच्यासाठी एक वेगळे साधन लिहिले. त्याचेच ‘हायजॅकधिस’ हे दुसरे साधन पुढे कित्येक वर्षे या कामातले पहिले हत्यार होते. पुढचे दशक टूलबारचे होते. जावाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येही आस्क टूलबारची खूण आधीच केलेली असे आणि घाईत ‘नेक्स्ट’ दाबणाऱ्याच्या ब्राउझरवर तो जाऊन बसे. 2011 च्या डिसेंबरमध्ये एनमॅप या मोफत प्रोग्रामचे कर्ते गॉर्डन लायन यांनी जाहीर तक्रार केली, की सीनेट (CNET) या कंपनीची डाउनलोड डॉट कॉम ही साइट त्यांचा प्रोग्राम स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून त्यासोबत टूलबार देत आहे. 2015 मध्ये सोर्सफोर्ज या डाउनलोड साइटवरच्या गिम्प या चित्रसंपादकाबाबतही असाच वाद झाला. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट काम करून चांगले प्रोग्राम लिहिले, त्यांच्याच नावावर लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये कचरा शिरला, ही या इतिहासातली सर्वांत संतापजनक गोष्ट आहे.

यामागे रीतसर बाजार आहे. एखादा प्रोग्राम दुसऱ्याच्या इन्स्टॉलरमध्ये घालून दिला, की प्रत्येक बसवणुकीमागे ठरलेली रक्कम मिळते. गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2016 मध्ये या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा दर देशानुसार 10 सेंटपासून दीड डॉलरपर्यंत आढळला. गूगलच्या सुरक्षा यंत्रणेला अशा सॉफ्टवेअरबद्दल आठवड्याला 6 कोटींहून अधिक इशारे द्यावे लागत होते आणि हे प्रमाण खऱ्या मालवेअरच्या जवळजवळ तिप्पट होते. ‘फ्री डाउनलोड’चे मोठे हिरवे बटण खऱ्या बटणापेक्षा ठळक का असते, याचे उत्तर या दरपत्रकात आहे.

कधी कधी वापरणाऱ्याने काहीच डाउनलोड केलेले नसते. 2014 च्या अखेरीस विकल्या गेलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ या कंपनीचा जाहिरातींचा प्रोग्राम कारखान्यातूनच आला होता. बँकेच्या सुरक्षित पानातही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे प्रमाणपत्र बसवले होते आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांवर एकच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये ही किल्ली उघड झाली, तेव्हा कोणत्याही भुरट्याला खोटी बँक उभी करणे शक्य झाले. नुसत्या जाहिराती दाखवणारा प्रोग्राम ‘निरुपद्रवी’ का मानू नये, हे या प्रकरणाने दाखवून दिले. भारताशी थेट संबंध असलेले प्रकरण 2017 चे. चेक पॉइंट या कंपनीने त्या जूनमध्ये ‘फायरबॉल’ नावाचा हायजॅकर उघडकीस आणला. बीजिंगची राफोटेक ही जाहिरात कंपनी तो इतर मोफत प्रोग्रामांसोबत पसरवत होती. चेक पॉइंटच्या अंदाजाने जगात 25 कोटी कॉम्प्युटर बाधित होते आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे 2.53 कोटी, भारतात होते. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले. फायरबॉलला हवा तो प्रोग्राम त्या कॉम्प्युटरवर उतरवून चालवता येत होता, हे मात्र खरेच होते.

होमपेज पुन्हा पुन्हा का बदलते, हे कळले की निम्मे काम होते. डोळ्यांना दिसणारी सेटिंग हा परिणाम असतो. ती बदलणारे दुसरे काहीतरी मागे जागे असते आणि ते अनेक ठिकाणी लपू शकते. सर्वांत साधी जागा म्हणजे डेस्कटॉपवरचा ब्राउझरचा शॉर्टकट. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टार्गेट’ या रकान्यात प्रोग्रामच्या नावानंतर एखाद्या साइटचा पत्ता जोडलेला असतो, त्यामुळे ब्राउझर उघडताच ती साइट येते. दुसरी जागा एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची. तिसरी ‘टास्क शेड्युलर’ची. तिथे दर तासाला किंवा लॉग-इन होताच चालणारे एक काम लावून ठेवलेले असते आणि काढलेला प्रोग्राम ते पुन्हा उतरवते. काही हायजॅकर विंडोजची प्रॉक्सी सेटिंग बदलून सगळी ये-जा आपल्याकडून वळवतात.

चिवट हायजॅकर कंपन्यांसाठी असलेली सोय वापरतात. कार्यालयांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरवर नियम लादता यावेत म्हणून क्रोम आणि एजमध्ये ‘पॉलिसी’ असतात. हायजॅकर विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवण्याच्या जागेत, अशीच पॉलिसी लिहितो आणि त्याचे एक्स्टेन्शन काढण्याचे बटण निकामी होते. अशा वेळी क्रोमच्या मेन्यूत तळाशी, ब्राउझर आपल्या संस्थेकडून नियंत्रित होत असल्याचे वाक्य दिसते. घरच्या कॉम्प्युटरवर ते दिसले तर चौकशी करावीच. मात्र काही अँटिव्हायरसही पॉलिसी लावतात, तेव्हा केवळ त्या वाक्यावरून निष्कर्ष काढू नये. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, दोन टिंबे, दोन तिरक्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे रोमन लिपीत टाइप केले की लादलेल्या नियमांची यादी समोर येते.

साफसफाई ठरावीक क्रमाने केली तरच टिकते. आधी प्रोग्राम, मग त्याने लावून ठेवलेली कामे, मग एक्स्टेन्शन आणि ब्राउझरची सेटिंग अगदी शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे करतात आणि दमतात. त्याहीआधी दोन गोष्टी कराव्यात. महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि ब्राउझरचे सिंक बंद करावे. सिंक चालू राहिले तर पुसलेले एक्स्टेन्शन आणि बिघडलेली सेटिंग गूगल खात्यातून पुन्हा खाली येते. कॉम्प्युटर स्वच्छ करूनही हायजॅकर ‘जात नाही’ अशी तक्रार असते, तेव्हा हे एक कारण हमखास तपासण्यासारखे आहे.

विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’ची यादी उघडून ती बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपासची अनोळखी नावे बहुधा शेजारीशेजारीच सापडतात, कारण एका इन्स्टॉलरने ती एकत्र आणलेली असतात. ती अनइन्स्टॉल करावीत. यातही सापळा असतो: काही अनइन्स्टॉलर ‘ठेवायचे का’ असे उलटसुलट विचारतात, तेव्हा प्रत्येक वाक्य वाचून बटण दाबावे. जे नाव ओळखीचे नाही ते सरसकट उडवू नये. प्रिंटर, आवाज आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हरही अनोळखी नावांनी बसतात.

त्यानंतर स्कॅन. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरमध्ये अशा प्रोग्रामांना अडवण्याची सोय 2020 पासून घरगुती वापरासाठी उघडपणे दिली आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’त ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’ आणि त्यातल्या ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये ती सापडते, ती चालू असल्याची खात्री करून पूर्ण स्कॅन चालवावा. दुसरे मत म्हणून अ‍ॅडवक्लीनर चांगले. ते मोफत आहे, खास याच जातीच्या प्रोग्रामांसाठी बनवलेले आहे आणि 2016 पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत साधने मिळतात, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचे साधन आहे. मात्र यांपैकी काहीही बाधित ब्राउझरमध्ये शोधून उतरवू नये. तिथले शोधनिकाल हायजॅकरच ठरवत असतो आणि ‘सफाईचे साधन’ म्हणून तो आपलाच भाऊबंद पुढे करू शकतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या मूळ साइटवरून फाइल घेऊन ती पेन ड्राइव्हने आणावी.

स्कॅन झाल्यावर टास्क शेड्युलर, स्टार्टअपची यादी, प्रॉक्सी आणि शॉर्टकट स्वतः पाहावेत. पॉलिसी उरली असेल तर ती रजिस्ट्रीतल्या ‘पॉलिसीज’ या कप्प्यात क्रोम किंवा एजच्या नावाखाली असते. पुसण्यापूर्वी तो भाग ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावा, म्हणजे चूक झाली तर परत आणता येतो. मग ब्राउझर मूळ स्थितीत आणावा. क्रोम आणि एजमध्ये त्यासाठी ‘रिसेट सेटिंग्ज’ आहे, फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड यात जात नाहीत. मॅकवर हेच काम थोडक्यात होते. ‘अ‍ॅप्लिकेशन्स’मधला प्रोग्राम आणि सफारीतले एक्स्टेन्शन काढावे, आणि ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये अनोळखी ‘प्रोफाइल’ बसले असेल तर तेही काढावे, कारण विंडोजवरच्या पॉलिसीचे काम तिथे प्रोफाइल करते.

कित्येकदा मुळात कोणताही प्रोग्राम बसलेला नसतो. ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगणाऱ्या पानाने नोटिफिकेशनची परवानगी मिळवलेली असते आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ असे इशारे दिवसभर येत राहतात. स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, त्यामुळे माणूस अधिकच घाबरतो. ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘नोटिफिकेशन्स’च्या यादीतून ती साइट काढली की त्रास थांबतो. पूर्ण पडदा व्यापून फोन नंबर दाखवणारा इशारा आला, तर त्या नंबरवर फोन करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच बसवून दाखवलेले बरे. असा नंबर लावल्यावर पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम रोखण्याची शक्यता कमी.

कॉम्प्युटर स्वच्छ असूनही घरातल्या सगळ्याच उपकरणांवर, मोबाइलवरसुद्धा, नको ती पाने उघडत असतील तर राउटरच्या डीएनएस सेटिंगकडे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुठून शोधायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगकडे, पाहावे. डीएनएसचेंजर या ट्रोजनने डीएनएस बदलण्याचे हेच तंत्र वापरून सुमारे 100 देशांत 40 लाखांवर कॉम्प्युटर वळवले होते. नोव्हेंबर 2011 मध्ये त्यामागची एस्टोनियातली टोळी पकडली गेली, तरी बाधितांचे इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून पर्यायी सर्व्हर 9 जुलै 2012 पर्यंत चालू ठेवावे लागले. राउटर रिसेट करून त्याचा मूळ पासवर्ड बदलणे हा यावरचा उपाय.

महाराष्ट्रात गल्लोगल्लीच्या दुकानांत या सगळ्यावर एकच इलाज मिळतो: फॉरमॅट मारणे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते आणि त्यात बॅकअप नसलेले फोटो जातात. शिवाय काही ठिकाणी विनापरवाना विंडोज आणि ते चालू करणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ टाकला जातो. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे नव्या कॉम्प्युटरची सुरुवातच उघड्या दाराने होते. खरोखरच पुन्हा सुरुवात करायची असेल तर विंडोजमध्येच ‘रिसेट धिस पीसी’ ही सोय आहे. आधीच्या सगळ्या पायऱ्या करूनही हायजॅकर परत येत असेल, तेव्हा ती वापरावी.

पुन्हा लागण होऊ नये यासाठी रोजच्या वापराला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले वेगळे खाते ठेवणे सर्वांत उपयोगी, कारण मग काही बसवायचे झाले तर पासवर्ड मागितला जातो. इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ निवडले की सोबतच्या प्रोग्रामांच्या खुणा दिसतात आणि काढता येतात. मराठी टायपिंगसाठी फाँट आणि कीबोर्ड शोधताना पुष्कळ जण अनोळखी डाउनलोड साइटवर पोचतात, पण विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड पूर्वीपासून आहे आणि 2019 पासून फोनेटिकही आहे. ‘लँग्वेज’च्या सेटिंगमधून तो फुकट चालू होतो. एक्स्टेन्शन मोजकीच ठेवावीत आणि अधूनमधून तपासावीत. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांच्या भरवशाचे एक्स्टेन्शन 2020 मध्ये मूळ कर्त्याने विकले. नव्या मालकाने त्यात संशयास्पद भाग घातले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते काढून टाकावे लागले. हायजॅकर काढल्यानंतर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, पण स्वच्छ झालेल्या कॉम्प्युटरवरून. सफाईआधी बदललेला पासवर्डही त्याच वाटेने बाहेर जाऊ शकतो.