कारखान्याचे पिंप गोठ्यात आणण्याआधी



रहाटणी, भोसरी, चाकणच्या बाजूला कारखाने वाढले, तशी भंगाराची दुकानेही आली. तिथे दोनशे लिटरचे पिंप स्वस्तात मिळते. गुरांच्या पाण्याला बरे, म्हणून आपण ते घरी आणतो. पण त्यात आधी काय होते, हे विचारतो का?

अशा पिंपात ट्रायइथेनॉलअमाइन असू शकते. हे अमोनिया व इथिलीन ऑक्साइडपासून बनवतात. लेथवर लोखंड कापताना जे दुधाळ कूलंट सोडतात, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ते असते. त्याने लोखंडाला गंज कमी चढतो. सिमेंट दळताना आणि मलमे बनवतानाही ते वापरतात.

हा पदार्थ काकवीसारखा दाट, रंगहीन किंवा फिकट पिवळा असतो. वास अगदी मंद. सुमारे 21 अंशांखाली तो गोठू शकतो. म्हणजे थंडीत तळाशी चिकटून बसेल आणि उन्हाळ्यात पातळ होईल. मुख्य म्हणजे तो पाण्यात पूर्ण विरघळतो. तेलासारखा तवंग येत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसले तरी पिंप स्वच्छ आहे असे समजू नका.

याने डोळे चुरचुरतात, कातडीची आग होते. याच कुळातले इथिलीनडायअमाइन तर कातडी भाजते आणि त्याची वाफ पेट घेते. जुन्या पिंपात यांपैकी काय होते, ते नुसते बघून कळत नाही.

म्हणून एवढे पाळा :

1. असे पिंप पिण्याच्या पाण्याला, धान्याला, आंबोणाला वापरू नका.
2. उरलेला माल किंवा धुवण विहिरीत, ओढ्यात सोडू नका.
3. उसातल्या तणनाशकाच्या डब्यावर ‘2,4-डी अमाइन सॉल्ट’ लिहिलेले असते. नावात ‘अमाइन’ दिसले म्हणून कारखान्याचा माल शेतात फवारू नका. ते तणनाशक नव्हे.
4. रिकामे पिंपही गॅसने किंवा ग्राइंडरने कापू नका. आतल्या वाफेचा भडका उडतो.

डोळ्यांत गेले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. अंगावर सांडले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि पिंपावरच्या चिठ्ठीवरचे नाव डॉक्टरांना सांगा.

पिंप घ्यायचेच तर नवे घ्या. चार पैसे जास्त जातील, पण दावणीचे जनावर आणि घरचे लेकरू सुखरूप राहील.