संशोधनाची तपासणी : प्रीप्रिंट आणि मूळ आकडेवारी

ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची तपासणी करावयास आलेला लेखापरीक्षक वार्षिक गोषवारा वाचून परत जात नाही. रोकडवही, पावतीपुस्तके, खर्चाची प्रमाणके, बांधकाम झाले असल्यास मोजमाप पुस्तिका, हे सारे त्याच्यापुढे मांडावे लागते. शास्त्रीय संशोधनाच्या प्रांतात मात्र दीर्घकाळ बव्हंशी गोषवाऱ्याचीच तपासणी होत आली आहे, हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. २०२० साली कोविडच्या साथीत या पद्धतीची कसोटी लागली. त्या काळात गावोगावी ज्या सूचना अमलात आणल्या गेल्या, त्यांपैकी अनेकांचे मूळ अशाच शोधनिबंधांत होते. म्हणून हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही.

शोधनिबंध नियतकालिकाकडे आला, की संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे अभिप्रायार्थ धाडतात. यास तज्ज्ञपरीक्षण म्हणतात. हे परीक्षक बहुधा विनामूल्य काम करतात व त्यांची नावे सामान्यतः गुप्त राहतात. त्यांच्या हाती निबंध पडतो. प्रयोगवह्या किंवा रुग्णांचे केसपेपर नव्हेत. या सोपस्कारात अनेक महिने सहज निघून जातात.

हा विलंब टाळण्यासाठी निबंधाची परीक्षणापूर्वीची प्रत सर्वांना खुली करावयाची, ही प्रीप्रिंटची कल्पना होय. पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे 'अर्काइव्ह' हा असा संग्रह सुरू केला. जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये 'बायोअर्काइव्ह' निघाला, आणि वैद्यकासाठी 'मेडअर्काइव्ह' २०१९ च्या जूनमध्ये, म्हणजे साथीच्या जेमतेम काही महिने आधी, उघडला. तेथील प्रत्येक निबंधावर तज्ज्ञपरीक्षण झालेले नसल्याची स्पष्ट सूचना असते. साहजिकच अशी समजूत रूढ झाली, की परीक्षित निबंध विश्वसनीय आणि प्रीप्रिंट कच्चा. २०२० च्या मे-जून महिन्यांनी ही समजूत उलटीपालटी केली.

२२ मे २०२० रोजी लंडनच्या 'द लॅन्सेट' या मान्यवर साप्ताहिकात एक निबंध रीतसर परीक्षणानंतर प्रसिद्ध झाला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या कोविड रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांनी हेच औषध प्रतिबंधक म्हणून घ्यावे, अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्चमध्येच केलेली होती. त्यामुळे गोळ्या घेणाऱ्यांच्या मनात केवढी चलबिचल झाली असेल, याची कल्पना करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २५ मे रोजी या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबविली.

आकडे मात्र जुळत नव्हते. ऑस्ट्रेलियातील केवळ पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचे निबंधात दाखविले होते; त्या तारखेपर्यंत संपूर्ण देशात मिळून ६७ मृत्यूंचीच नोंद होती. २८ मे रोजी शंभराहून अधिक संशोधकांनी खुले पत्र लिहून मूळ आकडेवारी मागितली. ती सर्जिस्फिअर या अमेरिकन कंपनीकडे होती. स्वतंत्र तपासणीसाठी संपूर्ण आकडेवारी देण्यास तिने नकार दिला. तेव्हा माहितीच्या सत्यतेची हमी आपण देऊ शकत नाही, असे तिघा सहलेखकांनी कळविले, आणि ४ जून रोजी निबंध मागे घेण्यात आला. आदल्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने थांबविलेली चाचणी पुन्हा सुरू केली होती. औषध निरुपयोगी असल्याचे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'रिकव्हरी' चाचणीने ५ जून रोजी जाहीर केले, हे खरे. पण त्यामुळे आधीच्या निबंधाचा पुरावा खरा ठरत नाही.

याच 'रिकव्हरी' चाचणीने १६ जून रोजी डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या औषधाचे फलित घोषित केले आणि २२ जून रोजी संपूर्ण निबंध प्रीप्रिंट म्हणून खुला केला. औषध दिलेले २,१०४ आणि नेहमीचे उपचार घेणारे ४,३२१ रुग्ण यांची त्यात तुलना होती. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने व प्राणवायू द्यावा लागलेल्यांचे एक-पंचमांशाने घटले होते. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २७ जून रोजी उपचारपद्धतीत या औषधाचा समावेश केला. परीक्षित निबंध नियतकालिकात आला तो १७ जुलैला.

तथापि प्रीप्रिंटचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. कोरोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असणारे काही अंश असल्याचा दावा करणारा दिल्लीतील संशोधकांचा प्रीप्रिंट ३१ जानेवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाला. असे लहान अंश इतर अनेक सजीवांतही आढळतात, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनी उघडपणे दाखवून दिले आणि दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. परीक्षण झाले, तेही चव्हाट्यावर आणि झटपट. परंतु विषाणू मुद्दाम घडविल्याची वदंता त्यानंतरही कित्येक महिने चालू राहिली.

तेव्हा निबंधावर कोणता शिक्का आहे यापेक्षा त्यामागील मूळ नोंदी कोणी पाहिल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सप्टेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने एकाहून अधिक लेखकांनी मूळ आकडेवारी स्वतः पाहून पडताळल्याचे निवेदन आवश्यक केले. युनेस्कोने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीकारलेल्या मुक्त विज्ञानविषयक शिफारशीतही निबंधाबरोबर आकडेवारी खुली करण्यावर भर आहे. प्रत्यक्षात 'मागणी केल्यास आकडेवारी मिळेल' एवढ्या वाक्यावर अजूनही पुष्कळांचे भागते. शिवाय एक निबंध वाचण्यास एखादी संध्याकाळ पुरते, परंतु त्याची आकडेवारी तपासण्यास कित्येक दिवस लागतात, आणि विनामूल्य काम करणाऱ्या परीक्षकाकडे तेवढी सवड कोठून असावी?

रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दोन हजार वस्तीच्या गावात वय, लिंग आणि एखादा दुर्मिळ आजार एवढे छापले, तरी नाव वगळूनही माणूस ओळखू येतो. म्हणून अशा नोंदी सरसकट खुल्या न करता विश्वासू संस्थेच्या ताब्यात ठेवावयाच्या आणि तपासणीचे प्रयोजन लेखी कळविणाऱ्या संशोधकासच त्या पाहू द्यावयाच्या, ही पद्धत अनेक देशांत अवलंबिली जाते. परीक्षकालाही तेथे जाऊन रुग्णाचे नाव न कळता आकडे पडताळता येतात.