मोटारसायकलला लिथियम बॅटरी घेताय? आधी गाडीचे चार्जिंग मोजा



पहाटे डेअरीला दूध पोचवायचं आहे, कॅन गाडीला अडकवले आहेत, आणि बटण दाबलं तर गाडी नुसती 'टक टक' करते. मग बॅटरीची आठवण होते. दुकानात गेलं की दुकानदार एक हलकी बॅटरी हातात ठेवतो आणि म्हणतो, "ही लिथियमची घ्या. पाणी नको, देखभाल नको." किंमत मात्र शिशाच्या बॅटरीच्या दुपटीहून जास्त! घ्यावी की नाही, याचा विचार आपण पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलीपुरता करू. विजेवर धावणाऱ्या गाडीची बॅटरी हा निराळा विषय आहे.

नाव एक, वाण अनेक

ज्वारीचं बी घेताना आपण वाण विचारतो, खरिपाचा की रब्बीचा ते पाहतो. लिथियमचंही तसंच आहे. मोटारसायकलसाठी 'लिथियम-लोह-फॉस्फेट' हाच वाण घ्यावा. याचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. असे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. ती १४.४ ते १४.६ व्होल्टला पूर्ण भरते आणि गाडीचे चार्जिंगही साधारण तेवढेच असते. शिवाय हा वाण तापला तरी इतर लिथियमसारखा चटकन पेट घेत नाही. पेटतच नाही असे मात्र समजू नका.

मोबाइल, लॅपटॉपमधले लिथियम सेल बहुधा दुसऱ्या वाणाचे असतात. त्यांचे तीन सेल जोडले की १२.६ व्होल्टलाच ते पूर्ण भरतात. गाडी देते १४ व्होल्टच्या वर. म्हणजे पोट भरल्यावरही घास कोंबत राहायचे! असे सेल फुगतात, तापतात आणि पेटतात. म्हणून सुटे सेल जोडून कुणी स्वस्तात बॅटरी बांधून देत असेल, तर हात जोडा आणि पुढे चला. आपली गाडी रात्री कुठे उभी असते? गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ. तिथे ठिणगी पडली तर नुकसान एका गाडीवर भागत नाही.

फवारणी पंपाची बॅटरी चालेल का?

नाही. पंपाची मोटर थोडा थोडा प्रवाह बराच वेळ ओढते. सेल्फ स्टार्टर क्षणभरच चालतो, पण तेवढ्यात कित्येक पटींनी जास्त प्रवाह खेचतो. पंपाच्या लिथियम बॅटरीतील संरक्षक पट्टी एवढा भार दिसताच वीज तोडते. गाडी तर सुरू होत नाहीच, बॅटरीही बिघडू शकते.

खरेदीआधीची तपासणी

साधा मल्टीमीटर गावातल्या वायरमनकडे असतो. गाडीतली आत्ताची बॅटरी चार्ज करून घ्या. इंजिन चालू करून मध्यम वेगावर ठेवा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. दिवा लावून एकदा, दिवा बंद होत असेल तर बंद करून एकदा.

१. आकडा १३.६ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान असेल तर लिथियम चालेल.
२. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बदलल्याशिवाय लिथियम बसवू नका.
३. १३.५ च्या खालीच राहत असेल तर चार्जिंग दुरुस्त करा. दोष बॅटरीचा नसेलही!

लेबलावरचा आकडा नीट वाचा

इथे पुष्कळांची फसगत होते. काही लिथियम बॅटऱ्यांवर '१२ अँपिअर-तास' असे ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरांत 'शिसे-तुल्य' असते. याचा अर्थ, गाडी सुरू करण्याची ताकद तेवढ्या शिशाच्या बॅटरीइतकी. प्रत्यक्ष साठा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे ४ च्या जवळपास असू शकतो. ३५ वॅटचा दिवा सुमारे ३ अँपिअर ओढतो. इंजिन बंद ठेवून दिवा चालू राहिला, तर ही बॅटरी सव्वा तासात संपेल. म्हणून खरे अँपिअर-तास किती, ते विचाराच. माप, टोकांची बाजू आणि आत संरक्षक पट्टी आहे ना, हेही पाहा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारून घ्या.

मग घ्यावी का?

गाडी रोज चालत असेल आणि चार्जिंग ठीक असेल, तर चांगली शिशाची बॅटरी पुरेशी आहे. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीचे एखादा किलो वजन कमी झाले म्हणून काय मोठा फरक पडणार? पण गाडी महिना-महिना उभी राहत असेल, तर लिथियमचा फायदा आहे. ती आपोआप फार हळू उतरते. मात्र गाडीला अलार्म किंवा जीपीएस असेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आले. त्याला वीज लागते, आणि बॅटरी पार उतरली तर काही गाड्या किकलाही दाद देत नाहीत.

घेतल्यावर काय सांभाळाल?

मीटरवर १२.८ दिसले की शिशाची बॅटरी भरलेली असते, पण लिथियम-लोह-फॉस्फेट बरीचशी उतरलेली असते. तिचा भरलेला आकडा, गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावर, १३.२ ते १३.४ असतो. गॅरेजचा जुना चार्जर तिला लावू नका. १४.६ वर थांबणारा लिथियमचा चार्जरच लावा. थंडीत, निफाडकडे पारा ५ अंशांखाली जातो तेव्हा, ती सुस्तावते. अशा वेळी मिनिटभर दिवा लावा, मग बटण दाबा. बॅटरी फुगली किंवा उभ्या गाडीत गरम लागली, तर वापर थांबवा. ती फोडू नका, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. गोठ्यापासून दूर, मोकळ्या जागी ठेवून विक्रेत्याला परत द्या. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

थोडक्यात, आधी चार्जिंग मोजा, मग वाण विचारा, मग खरे अँपिअर-तास पाहा, आणि पैसे शेवटी मोजा. पावतीवर वाण आणि वॉरंटी लिहून घ्यायला विसरू नका, बरं का!