मोहाखाली रोपे का नाहीत?



आमच्या मिशनच्या आवारात नऊ जुने मोह आहेत. मार्चअखेरीस फुले गळू लागली की पाड्यावरच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन येतात. वेचणे सोपे जावे म्हणून त्या झाडाखालचा पाला जाळत. तीन वर्षांपूर्वी त्या आगीत आमचे कुंपण जळाले आणि मी फाटकाला कुलूप घातले. त्या हंगामात फुले जमिनीवरच कुजली. "दादा, पाला आम्ही झाडून काढला असता. तुम्ही सांगितलंच नाही," एक आजी म्हणाली.

मग मी झाडांखाली नीट पाहिले. नऊ म्हातारी झाडे, पण रोप एकही नाही. आगीने कोवळी रोपे मरतात, उरलेली शेळ्या खातात आणि बिया तेलासाठी वेचल्या जातात. मोठे झाड उभे असते म्हणून आपल्याला सारे ठीक वाटते.

इथिओपियाच्या उत्तर भागातही असेच झाले. शेती आणि चराईने तिथले रान बहुतेक संपले. उरले ते मुख्यतः ऑर्थोडॉक्स चर्चांभोवती. पण तिथेही गुरे शिरत आणि रोपे तुडवत. अलेमायेहू वासी या तिथल्याच वनशास्त्रज्ञाने धर्मगुरूंना सोबत घेतले. लोकांनी शेतातले दगड वेचून रानाभोवती बुटक्या भिंती रचल्या. रान राखले गेले, शेतही मोकळे झाले.

आपल्याकडे भिंत घातली तर बायाच बाहेर राहतील. लेवीय 19 मध्ये शेताच्या कडेचे पीक आणि सरवा गरिबासाठी व उपऱ्यासाठी सोडायला सांगितले आहे. रूथ आणि तिची सासू जगल्या त्या सरव्यावरच. डिप्लोमाच्या परीक्षेत यावर मी पानभर लिहिले होते. कुलूप घालताना आठवले नाही.

आता फाटक उघडे असते. पाला खराट्याने झाडून खताच्या खड्ड्यात जातो. दोन झाडांची फळे बियाण्यासाठी राखतो. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून पावसाच्या तोंडाशी ताजेच पेरावे लागते. भिंत रानाभोवती नाही, एकेका रोपाभोवती आहे: दगडांचे कडे, वर बोरीचे काटे. फुले यायला दहाएक वर्षे तरी लागतील.

गेल्या पावसात सतरा रोपे उगवली, अकरा जगली. दोन त्या आजीच्याच शेळीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी आजी काट्यांचा भारा घेऊन आली.